पिन विसरल्यास

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी कंपनीने दिलेली आहे. प्रत्येक पानावर वर छापलंय, 'आजचं उद्दिष्ट'. आजचं माझं उद्दिष्ट एका म्हातारीला चार शब्द ऐकवणं होतं. जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

काम असं आहे. कंपनी शाळांना टच पॅनेल विकते. फळ्याएवढा टीव्ही समजा, त्यावर बोटाने लिहायचं, चित्रं सरकवायची, व्हिडिओ लावायचे. पॅनेल भिंतीवर चढलं की माझ्यासारखा एक जण दोन महिने त्या शाळेत जाऊन शिक्षकांना ते वापरायला शिकवतो. मला मिळाली डोंबिवली पूर्वेची एक मराठी शाळा. महेंद्र सर, म्हणजे आमचे वागळे इस्टेटच्या ऑफिसातले साहेब, बोललेले, "सूरज, तिथे डोकं थंड ठेव." मी थंडच ठेवलेलं.

स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक हरिहर सरांनी ओळख करून दिली. "हे सूरज सर, आपल्याला शिकवणार." लगेच कोपऱ्यातून एक बाई बोलल्या. सुमती आगाशे, विज्ञान, मे महिन्यात रिटायर होणार, चष्म्याला दोरी.

"शिक्षण कुठपर्यंत झालंय तुमचं?"

"बीएस्सी आयटी. सेकंड इयर."

"म्हणजे चालू आहे."

"सोडलं."

"का हो?"

सगळ्यांचे चमचे डब्यात थांबले. मी बोललो, "शिकवणाऱ्यांना कमी येत होतं, म्हणून."

फक्त मागच्या खिडकीजवळ एक मुलगी हसली. खुदकन नाही, नाकातून. नंतर कळलं, हेमांगी. भूगोल शिकवते. मला वाटतं मी या शाळेत दोन महिने टिकेन.

(कॉलेजचं खरं सांगायचं तर पेपरात माझ्याकडे चिठ्ठी सापडलेली. पण मी ती उघडली नव्हती. चिठ्ठी असणं आणि चिठ्ठी उघडणं यात फरक आहे. तो त्या सुपरवायझरला कळेना, म्हणून पेपर त्याच्या तोंडावर फेकला.)

चहा आला. सगळ्यांचे पांढरे मग, त्यावर निळ्या अक्षरात नावं. मला स्टीलचा ग्लास. ठीक आहे, लक्षात ठेवेन. पण हेमांगीच्या हातातही स्टीलचाच ग्लास होता. अख्ख्या खोलीत फक्त आम्ही दोघं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं ट्रेनिंग. अकरा शिक्षक, तीस मिनिटं. कंपनीच्या वेळापत्रकात पहिल्या दिवशी चौदा गोष्टी आहेत. मी चौदाच्या चौदा दाखवल्या. कसं काय शिकतील, तो त्यांचा प्रश्न.

कुणी अडकलं की मी पुढे होऊन करून देतो. टक टक टक, झालं. सगळे खूश. आगाशे बाई सोडून. त्यांची पाळी आली, त्यांचं बोट चुकीच्या जागी गेलं, मी पुढे झालो.

"हात मागे घ्या."

"अहो बाई, दोन सेकंदांचं काम आहे."

"तुमचं दोन सेकंदांचं आहे. माझं नाही. तिथे बाकावर बसा आणि तोंडाने सांगा. एका वेळी एक गोष्ट."

सातवीच्या बाकावर बसवलं मला. गुडघे बाकात अडकले. आणि ही बाई पॅनेलसमोर वही धरून उभी! मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी ते लिहायचं, मग बोट लावायचं. पाच मिनिटांत तीन गोष्टी झाल्या. गणिताचा मुकुल मागे उभा राहून मजा बघत होता. त्याच्याकडे नारिंगी हेल्मेट आहे, शाळेच्या आतसुद्धा काखेत घेऊन फिरतो, जसं काय चंद्रावरून उतरलाय.

हेमांगीने मला दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा 'सूरज सर' म्हणाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

म्हातारी माझा अंत बघतेय. पॅनेलचा पिन तीन वेळा चुकीचा टाकला आणि पॅनेल लॉक. मी उठलो, तर परत तेच. "हात मागे."

डोकं सटकलं माझं. बाकावर बसूनच ओरडलो. "मागचा मेन स्विच बंद करा! दहा आकडे मोजा! समोरचं बटण दाबून धरा, सोडू नका, धरूनच मेन चालू करा! पांढरी पट्टी दिसली की सोडा! तिसरी ओळ निवडा! आतलं सगळं उडेल, म्हणून आपलं काम नेहमी पेनड्राइव्हवर ठेवायचं! आणि घाबरू नका, मशीन आहे, चावत नाही!"

वर्गाबाहेरून पोरं डोकावायला लागली. मला वाटलं, आता रडणार किंवा तक्रार करणार. तर बाई शांतपणे म्हणाल्या, "पांढरी पट्टी, मग काय?"

लिहून घेत होत्या.

मग स्वतःच्या हाताने केलं त्यांनी. झालं पण. त्यात काय मोठं, मी सांगितलं म्हणून झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सगळं कळलं. हेमांगी तीन वर्षं या शाळेत तासिका तत्त्वावर आहे. तासाला पैसे, सुट्टीत काहीच नाही. आता एक जागा निघालीय. दहा जानेवारीला संस्थेचे लोक येणार, ती पॅनेलवर पाठ कसा घेते ते बघणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार. नाही झालं तर जूनमध्ये दुसरी शाळा शोधायची. ती घरी एकटी कमावती आहे, वडील आजारी. हे मला तिने नाही सांगितलं, शिपाई काळुराम बोलला.

मग एक गोष्ट डोक्यात बसली. नाव असलेले मग फक्त कायम लोकांना. म्हणून तिला स्टीलचा ग्लास. म्हणजे तिचा आणि माझा अपमान एकच आहे. हे नातं कुणाला कळणार नाही.

मी तिला जिन्यात गाठलं. "तुमचा पाठ मी बनवतो. भरती-ओहोटी ना? असा बनवतो की संस्थेवाले खुर्चीतून पडतील."

"नको सर, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला."

"मला जरा स्वतः करून बघायचं होतं."

"बघा की. बनवून झाल्यावर बघा."

हसली. परत नाकातून. लाजते बहुतेक.

५ डिसेंबर, शुक्रवार

तिचे आतापर्यंत तेवीस मेसेज आले. आज सकाळी: 'सर, पॅनेलवर फोटो दोन बाजूंना कसे लावायचे?' मी सव्वा पानाचं उत्तर दिलं, वर एक ऑडिओ, वर 'जेवलात का?'. तिचं उत्तर: 'ओके. थँक्यू सर.' आणि जोडलेले हात.

ऐश्वर्या, माझी बहीण, अकरावीला आहे आणि जास्त शहाणी आहे. माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"दादा, जोडलेले हात रे. जोडलेले हात आपण पोस्टमनला पाठवतो."

"तुला काय कळतं?"

"आणि 'जेवलात का'चं उत्तर कुठेय?"

"विसरली असेल."

"तेवीस वेळा 'सर' लिहिलंय. मोज तू."

मी तिच्या अंगावर उशी फेकली. आई बाहेरून ओरडली, टँकर आलाय, हंडे घेऊन जा, नंतर मारामारी करा. आमच्या दिवा गावात माणसाला धड प्रेमसुद्धा करता येत नाही, मध्येच पाणी येतं.

पण एक खरं. एक दिवस ती 'सर' म्हणायचं सोडेल. त्या दिवशी सगळं कळेल.

१५ डिसेंबर, सोमवार

बेचाळीस स्लाइड झाल्या. गोल फिरणारा चंद्र, समुद्राचा आवाज, पाणी स्क्रीनभर चढतं, अक्षरं उडत येतात. आणि खरी गंमत सांगतो. स्लाइड पुढे न्यायचं बटण पॅनेलवर नाहीच. ते माझ्या फोनमध्ये आहे. तिने फक्त बोलायचं, मी बाजूला उभा राहून एकेक पुढे सारायची. पाठ संपला की टाळ्या, आणि शेजारी कोण उभा? मी.

शाळा सुटल्यावर तिला दाखवलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "सर, एखाद्या मुलाने मध्ये काही विचारलं आणि मला मागे जायचं असेल तर?"

"मला खूण करा. मी मागे नेतो."

"आणि त्या दिवशी वर्गात बाहेरच्या माणसाला बसू देणार नाहीत."

"मी बाहेरचा?"

ती पर्स आवरायला लागली. तेवढ्यात आगाशे बाई आत आल्या. यांना प्रत्येक ठिकाणी यायचंच असतं. मागे उभं राहून सगळ्या बेचाळीस बघितल्या, मग मला म्हणाल्या, "छान आहे. आता मला सांगा, तास संपल्यावर पोरांना काय आलं पाहिजे?"

"भरती-ओहोटी."

"ते धड्याचं नाव झालं. पोराला काय करता आलं पाहिजे? सांगता, काढता, ओळखता?"

"बाई, आजकाल असं कुणी शिकवत नाही."

"कसं?"

"बोअर."

"तुमच्या या सगळ्यात पोरं कधी हात लावणार?"

"पोरं बघतील. हात लावून पॅनेल घाण करतील."

त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने जमिनीकडे. मला कळलं, ही म्हातारी तिला भडकवतेय. रिटायर होता होता एका पोरीचं नुकसान करायचंय हिला. स्वतःला काही जमत नाही, म्हणून दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

चव्वेचाळीस मेसेज. काल 'फोटोवर मुलांना रेघ काढता येईल का?' विचारलं. मी लिहिलं, त्याची गरज नाही, स्लाइड क्रमांक एकोणीसमध्ये रेघ आपोआप येते. उत्तर: 'ओके सर.' थँक्यू नाही. रागावली असेल का? दिवसभर तेच डोक्यात.

४ जानेवारी, रविवार

आज अक्षर घाण येणार.

तिने स्टेटस टाकलेलं. मोठागावच्या खाडीचा फोटो, सकाळी आठ वाजता. सगळा गाळ, होड्या तिरक्या पडलेल्या. आणि खाली कठड्यावर नारिंगी हेल्मेट!

मी स्वतःला समजावलं. असेल. कामाला गेले असतील.

दुपारी दोन वाजता दुसरा फोटो. तीच जागा, तोच कोन, तोच कठडा. पाणी वरपर्यंत भरलेलं, होड्या सरळ. आणि तेच हेल्मेट, त्याच जागी. एक इंच हललेलं नाही.

आठ ते दोन. सहा तास. सहा तास दोघं त्या खाडीवर बसलेले! आणि काल पौर्णिमा होती, म्हणजे रोमान्सचा सीझनच चालू आहे यांचा. एवढ्या गाळाच्या वासात सहा तास कोण बसतं? ज्याला वास येत नाही तोच.

ऐश्वर्याला दाखवलं. ती फोटो झूम करून बघत राहिली. "दादा, हे हेल्मेट मुद्दाम ठेवलंय ना रे? खूण म्हणून?"

"मला दाखवायलाच ठेवलंय!"

"अरे तसं नाही. पाणी कुठपर्यंत आलं ते..."

मी फोन हिसकावून घेतला. तिचंही डोकं फिरलंय.

मुकुल, तुला सोडत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

आज स्टाफरूममध्ये माझा तमाशा झाला. झाला तर झाला.

हेमांगी स्वतः माझ्याकडे आली. हातात पेनड्राइव्ह. "सूरज सर, तुम्ही खूप मेहनत घेतलीत. पण शनिवारी मी माझा पाठ घेणार आहे. मी बनवलाय."

"किती स्लाइड?"

"एक."

"एक?"

"एकच. दोन फोटो आहेत त्यात."

मी हसलो. मोठ्याने. "मुकुल सरांनी दिला का बनवून? खाडीवर बसून?"

तिचा चेहरा एकदम बंद झाला. दुकानाचं शटर पडतं तसा.

"मी बनवलाय," ती परत म्हणाली. "हेल्मेट त्यांचं होतं."

"आणि सहा तास? सहा तास काय करत होता तुम्ही तिथे?"

मुकुल उठला. "ए, नीट बोल. आम्ही सकाळी गेलो, फोटो काढला, घरी गेलो, दुपारी परत..."

"तुला विचारलं का मी?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याची कॉलर धरली. त्याचा मग खाली पडला, 'मुकुल'मधला 'मु' एका तुकड्यावर, 'कुल' दुसऱ्यावर. काळुरामने मध्ये घुसून मला मागे ओढलं. हरिहर सर दारात. "सूरज सर, हे शोभत नाही. शनिवार होऊ दे, मग मला तुमच्या कंपनीशी बोलावं लागेल."

आगाशे बाई मगचे तुकडे गोळा करत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

बेचाळीस स्लाइड. तीन आठवडे. आणि तिची एक स्लाइड.

९ जानेवारी, शुक्रवार

पाच वाजता काळुराम वर्ग बंद करायच्या आधी मी आत गेलो. पॅनेलचा पिन बदलला. दोन मिनिटं लागली.

नवा पिन फक्त मला माहीत आहे. उद्या ती पॅनेलसमोर उभी राहील, जुना पिन टाकेल, लागणार नाही. समोर संस्थेचे लोक. तेव्हा कुणाला फोन करावा लागेल? मुकुलला? त्याचं हेल्मेट घालून पॅनेल उघडेल का?

मी तिचं वाईट करत नाहीये. हे स्पष्ट लिहून ठेवतो. तिने फोन केला की मी लगेच सांगणार. एका सेकंदात. फक्त तिने एकदा म्हणायचं, तुमच्याशिवाय होत नाही. बस, एवढंच.

हरिहर सरांना मेसेज केला, उद्या शीळफाट्याच्या शाळेत काम आहे, येत नाही.

१० जानेवारी, शनिवार

शीळफाट्याला कुठलीही शाळा नव्हती माझी. टपरीवर बसलेलो. पाठ अकराचा. फोन फुल चार्ज केलेला, आवाज मोठा.

कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक पॅनेलवर काय चाललंय ते दिसतं. फक्त ओळी येतात.

१०.२०. चुकीचा पिन.

१०.२१. चुकीचा पिन.

१०.२२. चुकीचा पिन. पॅनेल लॉक.

आता. आता येणार. फोन टेबलावर ठेवला, परत हातात घेतला. टपरीवाला बोलला, "भाई, रिझल्ट है क्या?"

१०.२८. काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती रडत होती. मला मजा यायला पाहिजे होती. आली नाही. मग मीच फोन लावायचं ठरवलं, नंबर काढला. पण मीच का लावू? तिने लावावा. परत ठेवला.

१०.३१. पॅनेल बंद.

बोललो, संपलं. हार मानली. आता खडू घेणार आणि संस्थेवाले म्हणणार, पॅनेल येत नाही या बाईला. हे मी केलं. चहा हातावर सांडला.

१०.३३. पॅनेल चालू. रीसेट.

मी ती ओळ चार वेळा वाचली. रीसेट कसं? रीसेट या शाळेत कुणाला येतं? कंपनीत पण अर्ध्या लोकांना येत नाही.

१०.४१. पेनड्राइव्ह जोडला.

११.०२ ते ११.४७. स्क्रीन चालू. स्पर्श: ११४.

एकशे चौदा. एका स्लाइडला कुणी एकशे चौदा वेळा हात लावतं का?

फोन वाजला नाही. बारा वाजता आईचा आला, येताना कोथिंबीर आण.

१२ जानेवारी, सोमवार

न जाण्याचा विचार होता. पण महेंद्र सरांचा फोन आला, रीसेट का झालं, जाऊन रिपोर्ट दे. गेलो.

आधी वर्गात गेलो. पॅनेलवर शनिवारचं काम तसंच ठेवलेलं. तिची एक स्लाइड. डावीकडे गाळ, उजवीकडे पाणी, दोन्हीत तेच हेल्मेट. त्यावर पोरांच्या बोटांनी काढलेल्या रेघा, लाल, हिरव्या, निळ्या. पाणी कुठपर्यंत होतं, कुठपर्यंत आलं. प्रत्येक रेघेला नाव. सान्वीची रेघ हेल्मेटातून गेलेली. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'संध्याकाळी परत गाळ दिसणार', आणि त्याच्या बाजूला वेळ. पोरांनी वेळ काढलेली.

हेल्मेट. पाणी मोजायला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. अकरावीतल्या पोरीला कळलं ते.

बाहेर आलो तर हेमांगी समोरून येत होती. तिच्या हातात मग. पांढरा, निळ्या अक्षरात 'हेमांगी'. अजून त्याच्या तळाला किमतीचा कागद चिकटलेला. म्हणजे झालं. कायम झाली.

मी बोललो, "अभिनंदन."

ती थांबली. इकडे तिकडे बघितलं, कुणी नव्हतं.

"सूरज," ती म्हणाली.

सर नाही. नुसतं सूरज. दोन महिने मी त्याची वाट बघत होतो.

"सूरज, यापुढे मला मेसेज करू नकोस. कुठल्याच कामाचा नाही. परत केलास तर मी हरिहर सरांना सगळं सांगेन. मला सांगायचं नाहीये, म्हणून आधी तुला सांगतेय."

आवाज चढला नाही. माझा चढला असता तर बरं झालं असतं. ती गेली. चहा सांडू नये म्हणून मग दोन्ही हातांनी धरलेला.

मग मी प्रयोगशाळेत गेलो. आगाशे बाई एकट्या, परीक्षानळ्या धूत होत्या. मी दारातूनच सुरू झालो. "सांगून टाका ना. जा, सांगा हरिहर सरांना. पिन मी बदलला."

"माहीत आहे." नळी उलटी करून ठेवली. "सरांना मी सांगितलंय की माझ्या हातून लॉक झालं. वय झालं, विसरते मी."

"माझ्यावर उपकार नका करू."

"तुमच्यावर?" त्यांनी चष्मा वर केला. "शनिवारी त्या मुलीचा पाठ होता. त्या दिवशी मला चौकशी नको होती. तुमच्यासाठी मी काही केलेलं नाही. गैरसमज नको."

मग त्यांनी कपाटातून वही काढली आणि माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवली. आखीव समास, तारखा, एका पानावर एकच काम. वर लिहिलेलं, 'पिन विसरल्यास. सूरज सर, २४ नोव्हेंबर.' खाली माझी एकेक ओरड नंबर घालून. मेन स्विच. दहा आकडे. बटण धरूनच. पांढरी पट्टी. तिसरी ओळ. शेवटी कंसात: 'घाबरू नये. मशीन आहे, चावत नाही.'

सर लिहिलेलं. मी बघणार नव्हतो तिथे, स्वतःच्या वहीत.

"हेमांगीने वाचून दाखवलं, मी केलं," त्या म्हणाल्या.

"ते पान फाडा."

"का?"

"फाडा म्हणतो ना!"

"बरोबर लिहिलंय. आणि सांगितलंतही बरोबर." वही मिटली. "तुम्ही दोन महिन्यांत आम्हाला शंभर गोष्टी दाखवल्यात. आम्हाला येते ती ही एक. कारण त्या दिवशी तुम्ही बाकावर होतात आणि तुमचे हात आमच्या आणि पॅनेलच्या मध्ये नव्हते."

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. खाली आलो, काळुरामने चहा दिला, नेहमीच्या स्टीलच्या ग्लासात. तसाच ठेवून निघालो.

१८ जानेवारी, रविवार

मेसेज पुसण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचले. एकसष्ट. एकसष्टच्या एकसष्ट पॅनेलबद्दल. 'फोटो दोन बाजूंना.' 'मुलांना रेघ काढता येईल का.' 'मागे कसं जायचं.' दोन महिने ती तिचा पाठच विचारत होती मला. मी 'जेवलात का' विचारत होतो.

ऐश्वर्या आज हंडे घेऊन एकटीच टँकरवर गेली. हे जास्त लागलं.

१९ जानेवारी, सोमवार

कंपनीने शाळा बदलली. कल्याण पश्चिम. हरिहर सरांनी तक्रारीत काय लिहिलं माहीत नाही, महेंद्र सर फक्त एवढं बोलले, "शेवटचा चान्स."

नवी शाळा, नवे अकरा चेहरे, सगळे माझ्याकडे बघून तोंड वाकडं करणारे. शालन बाई म्हणून एक आहेत, पन्नाशीच्या. पहिल्याच मिनिटाला पॅनेलचं पेन माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीच करा ना बाबा. आम्हाला कुठे जमणारे. तुम्ही कॉलेजातली मुलं."

मी पेन घ्यायला हात पुढे केला. खरंच केलेला. मग त्या म्हातारीची आठवण आली आणि डोकं फिरलं. तिच्यावरच फिरलं. इतक्या लांब येऊनसुद्धा पाठ सोडत नाही ती.

पेन परत सरकवलं. सातवीच्या बाकावर जाऊन बसलो. इथलेही बाक तसलेच, गुडघे अडकले.

"मी तोंडाने सांगतो," बोललो. आवाज चढलेलाच होता. "एका वेळी एक. आधी मागचा मेन स्विच शोधा."

शालन बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग पर्समधून वही काढली.